डिस्ट्रेसची वही

वहीच्या पुठ्ठ्याला कसर लागली आहे, पण आतली शाई अजून वाचता येते. पहिल्या पानावर माझ्या चौदाव्या वर्षीच्या, उगाच वळणदार करायला गेलेल्या अक्षरात एकच इंग्रजी शब्द आहे: डिस्ट्रेस. त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि दुसरी रेघ ओढताना टाक फाटल्यामुळे एक मोठा डाग पडला आहे. त्या डागाबद्दल मला छडी बसली होती.

सोलापुरात मी ज्या मुलींच्या शाळेत होते, तिथल्या इंग्रजीच्या बाईंना आम्ही मिस म्हणायचो. त्या नगरकडच्या होत्या, पांढरं पातळ नेसायच्या आणि हट्टीपणात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची एक पद्धत होती. सहामाहीच्या सुरुवातीला त्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक इंग्रजी शब्द यायचा. तो शब्द पुढचे सहा महिने तिचा. तो कुठं भेटला, कुणाच्या कागदात भेटला, तेव्हा काय चाललं होतं, हे सगळं वहीत लिहायचं आणि समोर त्या अर्थाचा मराठी शब्द द्यायचा. डिक्शनरीतून उतरवून काढलेलं त्यांना चालत नसे. शब्द भेटावा लागतो, शोधून काढलेला उपयोगाचा नाही, असं त्या म्हणायच्या. माझ्या शेजारच्या मुलीला 'मार्केट' मिळाला आणि तिची वही आठ दिवसांत भरली. मला डिस्ट्रेस मिळाला. मी चिठ्ठी बदलून मागितली, तर मिसनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. मी खाली बसले.

माझे वडील केम गावात शेती करायचे. तिथं मुलींना चौथीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून मला सोलापुरात मावशीकडं ठेवलं होतं. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, डोक्याला कायम तांबडा रुमाल बांधणारे मालगाडीचे ड्रायव्हर होते. रेल्वेच्या क्वार्टरांची एक लांब रांग, समोर अंगण, अंगणापलीकडं रुळाखालच्या जुन्या स्लीपरांची उभी केलेली भिंत आणि भिंतीपलीकडं दक्षिणेच्या होटगी स्टेशनाकडून येणारी लाइन. भिंतीमुळं गाडी दिसायची नाही. फक्त धूर वर यायचा आणि आवाज ऐकू यायचा. कोळशाची कणी मात्र रोज अंगणभर पडायची, आणि वाळत घातलेल्या पापडांपासून माझ्या वहीपर्यंत सगळ्यांवर तिचा सारखाच हक्क होता.

त्या रांगेतल्या ड्रायव्हरांचा एक रिवाज होता. रेल्वेच्या पुस्तकात तो नव्हता आणि साहेबांना माहीत असला तरी ते कानाडोळा करायचे. घराकडं येताना स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलपाशी प्रत्येक ड्रायव्हर आपली म्हणून एक शिट्टी द्यायचा. कुणाच्या तीन आखूड, कुणाची एक लांब न् एक तुटकी. ती ऐकली की त्या घरातली बाई चुलीवर पाणी ठेवायची, पीठ काढायची. काकांची शिट्टी होती एक लांब, दोन आखूड आणि शेवटी एक हळूहळू खाली उतरत जाणारी. मी पहिल्याच महिन्यात ती ओळखायला शिकले. जातानाची शिट्टी वेगळी असायची. ती सगळ्यांचीच साधी, एकच, लांबलचक, होटगीच्या दिशेनं विरत जाणारी. तिचा अर्थ, मी चाललो, तुम्ही जेवून घ्या. मावशी नवऱ्याआधी कधी जेवली नाही. येण्याची शिट्टी झाली की ते येऊन, अंघोळ करून, जेवून उठेपर्यंत ती तोंडात काही घालायची नाही. पण जाण्याची शिट्टी झाली, की लगेच ताट वाढून घ्यायची. मी तिला त्यावरून चिडवायचे, की तुझं पोट रेल्वेच्या टाइमटेबलावर चालतं. ती म्हणायची, व्हय की, पगार बी तितूनच येतो.

माझ्या शब्दाची पहिली गाठ पडली ती वाचनपाठात. वादळात सापडलेलं एक जहाज मदतीसाठी निशाण चढवतं, त्या निशाणाला तो शब्द लावला होता. आमच्या वर्गात समुद्र पाहिलेली एकही मुलगी नव्हती. मी मराठी शब्द लिहिला, संकट.

दुसरी गाठ काकांमुळं पडली. त्यांना पॅसेंजर गाडीवर जायचं होतं आणि त्यासाठी परीक्षा द्यायची होती. संध्याकाळी ते नियमांचं जाड पुस्तक माझ्यासमोर ठेवायचे. मी इंग्रजी वाचायची आणि अर्थ त्यांनी सांगायचा, कारण शब्द मला यायचे आणि इंजिन त्यांना. संकटात सापडलेल्या गाडीनं कशा शिट्ट्या द्यायच्या, ते त्यात एका ठिकाणी होतं आणि तिथं माझा शब्द बसला होता. मी आनंदानं ओरडलेच. काका म्हणाले, इंजिन म्हणजे मुकं जनावर, त्याला काय झालं तर हाक मारायला शिट्टीच, आणि ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून जायचं. मी तसं लिहून घेतलं.

तिसरी गाठ विणकरांच्या गल्लीत पडली. कसला तरी कर थकला म्हणून एका तेलुगू कुटुंबाच्या दारात बेलिफ उभा होता आणि लोक जमले होते. घरातली बाई परातीत पीठ मळत होती. बेलिफाच्या माणसानं पीठ तिच्या पदरात काढून दिलं आणि परात उचलून गाड्यात टाकली. ओल्या पिठाचा गोळा तसाच पदरात धरून ती आत गेली. दारावर चिकटवलेल्या इंग्रजी कागदाच्या माथ्यावर माझा शब्द होता. जहाजाचा आणि परातीचा काय संबंध, हे मला कळेना. मिसना विचारलं, तर त्या म्हणाल्या की शब्द तोच आहे, फक्त इथं तो सोसणाऱ्याचा नाही, नेणाऱ्याचा आहे. मी जप्ती असं लिहिलं. त्या रात्री भाकरी खाताना मला परात बघवेना.

चैत्र नुकताच लागला होता. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दुपारी चारच्या सुमारास काकांची गाडी यायची. मावशी ओट्यावर ज्वारी निवडत होती आणि मी खांबाला टेकून बसले होते. इंजिनाचा आवाज आला. प्रत्येक इंजिनाची धाप वेगळी असते आणि काकांचं इंजिन आम्हाला ओळखीचं होतं. धूर भिंतीवरून पुढं सरकत गेला. शिट्टी झाली नाही.

मावशीनं मान वर केली. म्हणाली, इंजिन तर त्येच हाय, मानूस दुसरा दिसतोय. तिनं सुपातली ज्वारी पुन्हा पाखडायला घेतली. पाणी ठेवलं नाही, पीठ काढलं नाही. अर्ध्या तासानं तीन माणसं टोप्या हातात घेऊन अंगणात आली. होटगी सोडल्यावर काकांना धाप लागली होती, आगीसमोर ते खाली बसले होते आणि सोलापूर यायच्या आत गेले होते. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या त्यांच्या फायरमननं एकट्यानं आग आणि गाडी दोन्ही सांभाळत त्यांना घरापर्यंत आणलं होतं. त्या दिवशी मावशी रडली ती एकाच गोष्टीवरून. माणूस घरी आलं आणि मी पाणी ठेवलं नव्हतं, एवढंच ती म्हणत होती.

रेल्वेच्या डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत होती. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, म्हणून सगळ्यांनी ती माझ्याकडं दिली. काकांच्या श्वासाबद्दल लिहिलं होतं, तिथं माझा शब्द होता. आठ दिवसांनी साहेबाचं पत्र आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, क्वार्टर दोन महिन्यांत रिकामं करावं. त्यातही तो होता. मला त्या शब्दाची शिसारी आली. आता हा घरात शिरला, असं वाटलं आणि मी वही पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी घातली.

वडील आम्हाला दोघींना केमला न्यायला आले होते. मावशी म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग येते. चौदावा झाला, माणसं पांगली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही दोघी ओट्यावर होतो. ऊन इतकं पांढरं होतं, की अंगणातली शेळी डोळे मिटून उभी होती. पलीकडं शेजारच्या काकू पोराच्या डोक्याला तेल लावत होत्या. इंजिनाची धाप ऐकू आली. तेच इंजिन. आणि आउटर सिग्नलपाशी शिट्टी झाली. एक लांब, दोन आखूड आणि शेवटी एक हळूहळू खाली उतरत जाणारी.

शेजारच्या काकूंचा हात पोराच्या डोक्यावर तसाच थांबला. रांगेतल्या प्रत्येक दारात एकेक बाई येऊन उभी राहिली. काकूंनी पोराला काखेत मारलं, आत गेल्या आणि कडी घातली. मग दुसरं दार लागलं, मग तिसरं.

मावशी उठली. तिनं पदर खोचला, चूल पेटवली आणि घंगाळात पाणी काढलं. भाकरी थापल्या. पाट मांडला, ताट वाढलं, तांब्या भरून ठेवला. दार सताड उघडं ठेवून ती दाराकडं तोंड करून बसली. मी तिला हाक मारली, तर तिनं फक्त हातानं थांब म्हणून सांगितलं. दिवेलागण झाली तेव्हा ती उठली, ताटातली भाकरी शेळीला घातली आणि घंगाळ उपडं करायला गेली. मी बघितलं, पाण्यावर कोळशाची काळी कणी तरंगत होती. आमच्याकडं कणी सगळ्याच पाण्यावर पडायची, हे मला माहीत होतं. तरी मी ते पाणी ओलांडून गेले नाही, वळसा घालून गेले.

गाडी दिवसाआड यायची. दिवसाआड शिट्टी व्हायची. दिवसाआड मावशी पाणी ठेवायची, ताट वाढायची आणि सकाळपासून पाण्याशिवाय काही घ्यायची नाही. मधल्या दिवशी तिनं जेवावं, तर चार घासांवर हात धुवायची. मी विनवलं, रुसले, एकदा तर मीही नाही जेवणार म्हणून ताट सारलं. तिनं मला दम देऊन जेवायला लावलं आणि स्वतः तशीच बसून राहिली. एक मात्र तेव्हाही माझ्या मनात यायचं. येण्याची शिट्टी होत होती, जाण्याची कधीच होत नव्हती.

चाळीतलं वारं फिरलं. शेजारणींचं विरजण मागायला येणं बंद झालं. आमच्या दारावरून जाताना बायका पोरांचा हात घट्ट धरायच्या. शेजारच्या काकूंनी मला नळावर गाठून सांगितलं, की दहाव्याला कावळा लगेच शिवला होता, मग आता हे काय राहिलंय, मावशीला म्हणावं देवऋष्याला विचार. मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, माज्या घरच्या मानसाची शिट्टी मी कुना देवऋष्याला इचारू? पुरुष मंडळी सगळी इंजिनांच्या शेडमधली. ती तर शिट्टीचा विषय निघाला, की चपला घालून बाहेर पडायची. तेही भ्यालेत, असं मी धरून चालले.

खोटं कशाला सांगू, आधी मला भीती वाटायची ती काकांची. चार वाजायला आले की उघड्या दाराकडं पाठ करून बसायची माझी छाती होत नसे. एकदा वाऱ्यानं ताटाजवळचा तांब्या हलला आणि मी शाळेचं दप्तर टाकून अंगणात पळाले. पण वैशाख लागला तशी ती भीती मागं पडली. मावशीच्या गळ्याची हाडं वर आली होती. दंडावरची चोळी ढिली झाली होती. एके सकाळी ती नळावर घागर उचलताना खाली बसली आणि मला म्हणाली, जरा डोळ्यापुढं काळं आलं, काय न्हाय. मी तिला धरून घरी आणलं तेव्हा ती इतकी हलकी लागली, की मला रडू फुटलं. शिट्टी थांबली नाही, तर आषाढ लागायच्या आत मावशी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तिला वाचवायला चाळीत दुसरं कुणी पुढं येणार नव्हतं.

म्हणून मी शिट्टी बघायचं ठरवलं. त्या दिवशी शाळेतून लवकर निघाले आणि रुळाच्या कडेनं आउटर सिग्नलपर्यंत गेले. तिथं एक वेडी बाभळ होती, तिच्या आडोशाला बसले. आजूबाजूला एक माणूस नव्हता. दूर माळावर धनगरांची मेंढरं चाऱ्याच्या शोधात खाली माना घालून चालली होती, पण त्यांच्या घंटांचा आवाज येत नव्हता. रुळांवर हवा थरथरत होती. मग रूळच गुणगुणायला लागले. इंजिन त्या थरथरत्या हवेतून आधी चाकांशिवाय वर आलं, मग खाली टेकलं. ते जवळ आलं आणि मी वर बघितलं. काकांच्या बाजूच्या खिडकीत काकांचा तांबडा रुमाल डोक्याला बांधलेला माणूस उभा होता आणि शिट्टी ओढायच्या तारेवर त्याचा हात होता.

शिट्टी माझ्या डोक्यावरच झाली. मी कान झाकले नाहीत, कारण हात हलतच नव्हते. एक लांब, दोन आखूड. शेवटची खाली उतरायला लागली तेव्हा त्या माणसानं तोंड वळवलं. तो काकांचा फायरमन होता. काळ्या गालावरून पाण्याचे दोन ओघळ उतरले होते.

संध्याकाळी मी शेडच्या फाटकाशी त्याला गाठलं. होटगीजवळच्या खेड्यातला, कानडी मुलखाकडचा लिंगायत माणूस, चाळिशीचा असेल. काकांच्या हाताखाली त्यानं नऊ वर्षं कोळसा टाकला होता. मला पाहून तो मान खाली घालून उभा राहिला. मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. काका गेल्यावर तो तापानं पडला होता आणि गावी होता. कामावर परत आला त्या दिवसापासून शिट्टी देत होता. नवा ड्रायव्हर काही बोलला नाही, शेडमधल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळ्यांना ते पुण्याचंच काम वाटत होतं. घरी सांगितलं तर बायका ते बंद पाडतील, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

"शेवटाला डायव्हरसाब येवढंच बोलले, घरी शिट्टी दे," तो म्हणाला. "माजे दोन्ही हात फावड्याला. सिग्नल मागं गेला. शिट्टी राहिली, तंगी. ती राहिलेली मी देतो."

तंगी म्हणजे त्यांच्यात धाकटी बहीण. मी त्याला सांगितलं, की तुमच्या शिट्टीमुळं मावशी उपाशी आहे, दीड महिना झाला, ती जगायची नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उद्यापासून तारेला हात लावत नाही, असं शपथेवर म्हणाला. मला वाटलं, आपण सुटलो.

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. ती चिडेल किंवा कोसळेल, अशी माझ्या मनाची तयारी होती. ती चुलीतली राख ओढत होती, ती तिनं आधी नीट ओढून घेतली.

"मला पैल्याच दिवशी कळलं हुतं," ती म्हणाली. "त्यांचा हात शेवटाला सैल सुटायचा. ह्याचा थरथरतो."

मी म्हणाले, मग उपाशी का राहिलीस? मला तिचा इतका राग आला होता, की मी तिला 'मावशी' सुद्धा म्हटलं नाही.

"कुनीतरी येतो म्हनून सांगतंय, आन् मी गिळून बसू? एकदा बसले की. पानी सुदिक ठेवलं न्हवतं." मग म्हणाली, "बंद कर म्हनू नगंस त्याला. शिट्टी दिली तर जेवाय यावं लागतं, म्हनाव."

मी दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन गेले. तो घाबरला. गळ्यातली लिंगाची चांदीची पेटी त्यानं मला दाखवली. आईच्या हातचं सोडून तो कुठंच जेवत नसे, नऊ वर्षं काकांच्या शेजारी बसून त्यानं स्वतःच्याच डब्यातलं खाल्लं होतं. आणि आमचं घर तर मटण खाणारं. मी तिथून हलले नाही. बराच वेळ तो रुळाकडं बघत होता. मग म्हणाला, उद्या येतो म्हणून अक्कांना सांग.

मावशीनं त्या दिवशी सकाळपासून चूल शेणानं सारवली, नवं मडकं आणलं, कुणाचा हात न लागलेली पितळी काढली. शिट्टी झाली, चार वाजता. शेजारची दारं नेहमीसारखी लागली. मावशीनं पाणी ठेवलं. पाऊण तासानं, हातपाय धुऊन, धुतलेलं धोतर नेसून, तो माणूस अंगणात येऊन उभा राहिला. इंजिनात राहिलेला काकांचा तांबडा रुमाल त्यानं घडी करून हातात धरला होता. मावशीनं तो घेतला आणि खुंटीला अडकवला. पाट दाखवला. तो बसला. पिठलं, भाकरी, शेंगांची चटणी. त्यानं लिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि पहिला घास घेतला. तो त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. मावशी समोर बसली होती, तिच्यासमोर रिकामं ताट. तिला मी भाकरी वाढायला गेले, तर म्हणाली, त्याचं हू दे आदी.

तो दुसरी भाकरी मोडत होता. बाहेर ऊन कलंडलं होतं आणि चाळ सगळी चिडीचूप होती. तेव्हा शिट्टी झाली.

एकच. लांबलचक. आउटर सिग्नलच्या पलीकडून सुरू झाली आणि होटगीच्या दिशेनं विरत विरत गेली. आवाज त्याच इंजिनाचा होता. फायरमनचा हात ताटात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

दुसऱ्या दिवशी मी सिग्नलच्या केबिनवाल्याला जाऊन विचारलं. चारच्या गाडीनंतर सहापर्यंत एकही इंजिन त्या बाजूला गेलं नव्हतं. आमचं इंजिन शेडमध्ये होतं, आग काढलेलं. शेडमध्ये उरल्या वाफेवर कुणी तार ओढली असेल, असं फायरमन स्वतःच्या समाधानासाठी पुढं कित्येक दिवस म्हणायचा. शेड उत्तरेला होती आणि शिट्टी दक्षिणेला झाली होती, एवढं मी त्याला सांगितलं नाही. मीही ते कुणाला फारसं सांगितलेलं नाही. सहामाही संपली तेव्हा मी वही ट्रंकेतून काढून दिली आणि मिसनी ती तपासली. संकट, जप्ती, धाप, दुःख, असे शब्द ओळीनं होते. पुढं एक ओळ मी कोरी सोडली होती. तिथं काय लिहायचं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, त्याला मराठी शब्द सापडला नाही. त्यांनी पहिल्यांदाच एकही मार्क कापला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी आम्ही दोघं थिजून बसलो होतो आणि मावशी दाराकडं बघत होती. शिट्टी पार विरेपर्यंत तिनं ऐकली.

"गेले," ती म्हणाली.

मग तिनं हात पुढं केला आणि दुरडीतली भाकरी स्वतःच घेतली. पाहुण्याचं जेवण अर्धं व्हायचं होतं, तरी थांबली नाही. तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती. दीड महिना तिनं चव न बघता रांधलं होतं. तिनं फायरमनच्या ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मीठ घालायचंच राहिलंय की गं," ती म्हणाली. "दे जरा." आणि दुसरी भाकरी घेतली.